चार चाकांवरची खाट

मी एक जुनी मालवाहू गाडी आहे. पुढे दोन माणसांची केबिन, मागे पत्र्याचा बंद डबा आणि त्याला मागून उघडणारी दोन दारं, असं माझं साधं रूप आहे. सानगडी गावात मला गाडी कोणीच म्हणत नाही. "डब्बा आला का?" "डब्बा कुठी लावला?" असंच विचारतात. मित्रांनो, मला या नावाचा राग नाही. डब्याने आपल्या पोटात काहीतरी जपून न्यायचं असतं, आणि ते काम मी मन लावून केलं. पाव नेले, साबण नेले, तांदळाची पोती नेली. यंदा दिवाळीनंतर मात्र मी असं काही नेलं की ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. गरम पत्रा, ठोकण्याचे आवाज आणि अंगावर फवारलेला पांढरा रंग, एवढंच त्यातलं आठवतं. मला जग कळू लागलं ते चिखला या गावात. तिथे मँगनीजची खाण आहे. माणसं जमिनीच्या पोटात उतरतात आणि पाळी संपली की काळपट धुळीने माखून वर येतात. त्यांच्या वसाहतीत मी रोज सकाळी पाव, बिस्किटं, दूध, साबण घेऊन जायचे. श्रावण नावाचा तरुण मला चालवायचा. चढ आला की तो माझ्या स्टिअरिंगवर हात फिरवून म्हणायचा, "दम धर माय, आता सपाटी येते." मी दम धरायचे. माझा हॉर्न ऐकून बाया दारात येत, आणि आपल्या येण्याने कुणाची तरी चूल पेटणार आहे या विचाराने मला फार बरं वाटायचं.

पुढे मालकाने मोठा ट्रक घेतला आणि मी सानगडीच्या श्यामरावांकडे आले. श्यामरावांची धानाची शेती. घरचा तांदूळ आणि वाडीतली वांगी ते आसपासच्या आठवडी बाजारांत विकायचे. त्यांच्या शेजारी माझ्या केबिनमध्ये देवकाबाई बसायच्या, त्यांची बायको. गाडी त्यांना चालवता येत नव्हती, पण माझी तब्येत त्यांनाच जास्त कळायची. "आज हे खोकून राहिली जी," त्या म्हणायच्या. श्यामराव म्हणायचे, "इंजिन आहे ते, खोकत नाही." आणि दुसऱ्या दिवशी मिस्त्री सांगायचा की फिल्टर तुंबलाय. मग देवकाबाई नुसत्या श्यामरावांकडे बघून पदर सावरायच्या.

बाजारात मात्र त्यांचं तोंड थांबायचं नाही. "दाबून काय पायतेस वं? वांगं आहे, नवरदेव नाही," असं म्हणाल्या की सगळा बाजार हसायचा आणि आमची टोपली आधी रिकामी व्हायची. ते माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस होते.

तीन वर्षांपूर्वी पावसाळा संपता संपता देवकाबाई गवताचा भारा डोक्यावर घेऊन तलावाच्या पाळीवरून उतरत होत्या. पाळ म्हणजे तलावाचा मातीचा बांध. ती ओली होती. पाय घसरला आणि त्या पाठीवर पडल्या. ज्या गाडीने त्यांना दवाखान्यात नेलं तिचा सायरन मी अंगणात उभ्या उभ्या ऐकला.

त्या घरी परतल्या, पण आधीच्या राहिल्या नव्हत्या. काठीच्या आधाराने चार पावलं चालता यायचं. बसलं की थोड्याच वेळात पाठीतून कळ यायची. म्हणून त्या पडूनच असायच्या. महिन्याभरात श्यामरावांनी बाजार बंद केला. मी अंगणातल्या मोहाच्या झाडाखाली उभी राहिले ती राहिलेच. बॅटरी उतरली, टायर बसले, ड्रायव्हरच्या सीटवर कोंबडी अंडी घालू लागली. देवकाबाईंच्या खोलीच्या खिडकीतून मी दिसत असे. सुरुवातीला त्यांना भेटायला खूप माणसं यायची. मग कमी झाली. माझ्याकडेही आता फक्त भंगारवाले भय्याजी यायचे. माझ्या अंगावर टिचक्या मारून म्हणायचे, "पत्रा चांगला आहे, श्यामरावजी. काहून ठेवून राहिले?"

श्यामराव म्हणायचे, "पाहू."

मित्रांनो, 'पाहू' या एका शब्दावर मी तीन वर्षं काढली.

देवकाबाईंची मोठी बहीण सुंदरबाई करडीला राहते. आई लवकर गेली, तेव्हा सुंदरबाईंनीच धाकटीला लहानाचं मोठं केलं होतं. देवकाबाई पडल्या तेव्हा त्या एकदा येऊन गेल्या. नंतर त्यांच्या डोळ्यांची नजर हळूहळू जाऊ लागली. औषध चालू होतं, पण गेलेली नजर परत येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यांचं घराबाहेर पडणं बंद झालं. दोघी बहिणी फोनवर बोलायच्या. पावसाळ्यात एकदा सुंदरबाई म्हणाल्या, "देवके, मले दिसून राहिलं तोवर येऊन जाय. मंग तू येशीन, पण मी तुले पायनार नाही."

देवकाबाईंनी फोन छातीवर ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं.

बसने जाणं शक्य नव्हतं. त्यांची मुलगी हर्षा साकोलीला एका संगणक केंद्रात शिकवते. ती म्हणाली, "माय, ॲम्बुलन्स करू ना."

"नको. बहिणीच्या दारात ते गाडी उभी रायली तं सारा गाव रडाले जमा होईल. मी जित्ती जाऊन राहिली, मयतीले नाही."

हर्षा अंगणात आली. मी तिला चांगली ओळखते, ती गाडी चालवायला माझ्यावरच शिकली. तिने माझं मागचं दार ओढलं. ते गंजलं होतं, कुरकुरत उघडलं. ती बराच वेळ माझ्या रिकाम्या पोटाकडे बघत राहिली. मग ओरडली, "बाबा! भय्याजीले नाही म्हणा. याच्यात मायची खाट लावू!"

"माल न्यायच्या गाडीत माणूस?" श्यामराव म्हणाले.

"लोकं असं घर करतात जी गाडीत. मोबाइलवर पाहिलं मी. झोपतात, सैपाक करतात, गावोगाव फिरतात."

"त्याइले घरं नाहीत काय?"

"आहेत. तरी फिरतात."

श्यामरावांना ते काही पटलं नाही. पण सकाळी त्यांनी कोंबडीला माझ्या सीटवरून उठवलं आणि मिस्त्रीला बोलावलं. इतक्या दिवसांनी माझं इंजिन सुरू झालं तेव्हा आधी काळा धूर निघाला. खोलीतून आवाज आला, "खोकू द्या, खोकू द्या! मोकळं होऊ द्या तिले!" माझ्यासाठी इतक्या प्रेमाने कोणी बोललं त्याला किती दिवस झाले होते!

मग माझं रूप बदलू लागलं. परिवहन कार्यालयात रीतसर विचारून नोंद करून घेतली. कैलाश सुतार आला. त्याने माझ्या पत्र्याला आतून थर्माकोल लावला आणि त्यावर बांबूचे तट्टे ठोकले, म्हणजे उन्हात मी तापणार नाही. एका बाजूला सागाच्या फळ्यांची खाट केली आणि ती माझ्या तळाला पक्की आवळली. पाठीला धक्का लागू नये म्हणून खाली जाड फोम आणि वर कापसाची गादी. खाटेवर माणूस घसरू नये म्हणून रुंद पट्टा. शेजारी श्यामरावांना बसायला घट्ट बसवलेलं आसन, त्यालाही पट्टा. कोपऱ्यात पाण्याचा कॅन, चहापुरती शेगडी आणि पडद्यामागे शौचाची खुर्ची. उजव्या बाजूला पत्रा कापून खिडकी करायची होती. कैलाश सवयीप्रमाणे बसणाऱ्या माणसाच्या उंचीला खूण करत होता, तेव्हा हर्षा सरळ खाटेवर आडवी झाली. "इथं माझे डोळे येतात, कैलाशभाऊ. खूण इथं करा."

"एवढी खाली खिडकी? लोकं हसतील ना व."

"हसू द्या. पाहनार माय आहे, लोकं नाही."

अशी माझी खिडकी झाली, निजलेल्या माणसासाठी केलेली. काम पूर्ण झाल्यावर देवकाबाईंना काठीवर हळूहळू बाहेर आणलं. त्या खाटेवर आडव्या झाल्या. त्यांनी तट्ट्यांवरून हात फिरवला, खिडकीतून मोहाच्या झाडाचा बुंधा पाहिला आणि म्हणाल्या, "उशी पूर्वेकडे आहे. चांगलं केलं."

ते ऐकून सगळे खूश झाले. मित्रांनो, चूक तिथेच लपलेली होती आणि ती मलाही दिसली नाही. मी तर इतकी वर्षं रस्त्यांवर फिरलेली! मी अंगणात पूर्वेकडे तोंड करून उभी होते. देवकाबाईंची उशी केबिनच्या बाजूला होती, म्हणून ती पूर्वेला होती. खोलीतली खाट जिथे ठेवली तिथे राहते. चाकांवरची खाट तशी राहत नाही, हे आमच्यापैकी कुणाच्याही ध्यानात आलं नाही.

निघायच्या दिवशी सकाळी हर्षाने मला अंगणातून बाहेर काढलं आणि साकोलीच्या रस्त्याला लावलं. हा रस्ता उत्तरेकडे जातो. गाव संपायच्या आत मागून काठीने केबिनवर ठोकल्याचा आवाज आला.

"थांबव, हर्षा! थांबव म्हनतो ना!"

हर्षाने घाबरून ब्रेक दाबला. "काय झालं माय? पाठ?"

"ऊन डाव्या गालावर आलं," देवकाबाई म्हणाल्या. "मंग माहे पाय कुठी आहेत?"

तुम्हीही करून पाहा. सकाळच्या वेळी पाठीवर आडवे व्हा. सूर्य तुमच्या डाव्या हाताला असेल, तर तुमचे पाय दक्षिणेकडे आहेत. आणि दक्षिण ही यमाची दिशा, तिकडे पाय करून झोपू नये, असं आमच्याकडे लहानपणापासून सांगतात.

श्यामराव म्हणाले, "जराशी वेळ आहे ना. काय होते?"

देवकाबाईंचे डोळे भरले. "दवाखान्यात असेच होते माहे पाय. खाट फिरवा, खाट फिरवा, म्हनून सांगून राहिली होती मी. खाट भिंतीले पक्की होती, कोन फिरवते? तवापासून पाय गेले माहे. आता तसेच पाय करून बहिणीकडे नेता मले?"

 हर्षाने मला परत अंगणात आणलं.

कैलाशला बोलावलं. त्याने मागच्या दाराकडे उशी ठेवून पाहिली. गावाच्या टोकापर्यंत एक फेरी मारली, तर मागच्या चाकांचे सगळे धक्के देवकाबाईंच्या मानेला आणि पाठीला बसले. त्या ओठ दाबून कण्हत होत्या. मी शक्य तितक्या अलगद चालले, पण माझ्या मागच्या स्प्रिंगच्या पाट्या पोत्यांच्या ओझ्यासाठी बनलेल्या आहेत, त्याला मी तरी काय करू? मग खाट आडवी लावायचं निघालं. हर्षाने बोटाने हवेत रस्ता काढला. "साकोलीपर्यंत चालते, बाबा. साकोलीहून लाखनीकडे हायवे पश्चिमेले जाते. तिथं पाय पुन्हा दक्षिणेले. उलटी लावली, तं वापस येतानी दक्षिणेले."

"मंग रस्तेच सरळ करा ना," श्यामराव चिडून म्हणाले.

कैलाशने पेन्सिल कानावर ठेवली. "भाऊ, मी खाट बनवतो. दिशा नाही बनवत."

कोणालाही हसू आलं नाही. देवकाबाईंना परत खोलीत नेलं. माझं मागचं दार उघडंच राहिलं. इतक्या मेहनतीने सजवलेली ती खाट रिकामी होती, आणि भय्याजींच्या टिचकीपेक्षा मला ते जास्त लागलं. तिकडे करडीला एक म्हातारी आपल्या उरलेल्या नजरेने रस्त्याकडे बघत बसली होती.

शेवटी हर्षाने सुंदरबाईंना फोन लावला आणि आवाज मोठा करून तो आईच्या उशाशी ठेवला. खिडकी उघडी होती. मला सगळं ऐकू आलं.

"मावशी, आमी नाही येऊन राहिलो." हर्षाने सगळी हकीकत सांगितली.

 मग सुंदरबाई म्हणाल्या, "देवके, हे तुले कोनं शिकवलं, दक्षिणेकडे पाय करू नये म्हनून?"

"तूच तं शिकवलं. रोज माही चटई फिरवत होती."

"काय म्हनत होती मी? आठव."

"दक्षिणेकडे पाय करून झोपाचं नाही."

"झोपाचं नाही. लेटाचं नाही, असं कवा म्हनलं?"

देवकाबाईंनी मान वळवून फोनकडे पाहिलं.

"झोपाले मनाई आहे वं. लेटाले कोनं मना केलं? डोळे उघडे ठेव अन् लेटून ये. यमाले समजते, जागी बाई आहे म्हनून."

"अन् रस्त्यात डोळा लागला तं?"

"लागू देऊ नको. बोलत राय. तुहा नवरा मुका आहे काय? त्याले सांग, तोंड चालव म्हनाव करडीपर्यंत."

आधी देवकाबाईंच्या तोंडून एक हुंदका निघाला आणि मग त्याचंच हसू झालं. त्या खोलीतून हसण्याचा आवाज मी किती दिवसांनी ऐकला, मित्रांनो! "काठी द्या जी," त्या म्हणाल्या. "अन् तुमी बोलाची तयारी करा."

पुन्हा उजाडलं आणि आम्ही पुन्हा निघालो. देवकाबाईंचे पाय दक्षिणेकडे होते आणि डोळे टक्क उघडे. शेजारी श्यामराव पट्टा बांधून परीक्षेला बसल्यासारखे बसले होते.

"हवा बरी आहे आज," ते म्हणाले.

"आहे."

"धुकं नाही तेवढं."

"नाही."

गावाबाहेर तलावाची पाळ आली. देवकाबाई खिडकीतून बघू लागल्या. पडल्यापासून त्यांनी ती पाहिली नव्हती. श्यामरावांनी खिडकीच्या पडद्याकडे हात नेला, पण देवकाबाईंनी तो धरला.

"हेच ना जी ते पाळ?"

"होय."

"गवत भलतं वाढलं. कोनी कापत नाही काय?"

"तुह्याशिवाय कोन कापते?"

पाळ मागे गेली. धान कापून झालं होतं. शेताच्या बांध्यांमध्ये धानाचे पुंजणे, म्हणजे रचून ठेवलेले भाऱ्यांचे ढीग, उन्हात पिवळे दिसत होते. एका बोडीत, छोट्या तळ्यात, माणसं कमरेएवढ्या पाण्यात शिंगाडे काढत होती. देवकाबाईंना सगळंच बघायचं होतं. "तो कोनाचा पुंजना एवढा?" "हे घर नवं झालं काय?" "अजी, तो पळस तोडला का?" श्यामराव उत्तरं देत होते. काही ठिकाणी त्यांना ठाऊक नव्हतं, तिथे ते काहीतरी जुळवून सांगत होते आणि पकडले जात होते.

हायवेला मी एका सुरात चालू लागले. तो सूर पाळण्यासारखा असतो. देवकाबाईंच्या पापण्या जड झाल्या. इथे त्यांचे पाय पूर्वेकडे होते, पण पुढे रस्ता पुन्हा उत्तरेला वळणार होता, आणि ते वळण झोपेत आलं तर? श्यामराव घाबरले. बोलायला काही सुचेना, म्हणून त्यांनी एकदम दंडारीतलं, म्हणजे गावच्या लोकनाट्यातलं, एक गाणं मोठ्याने म्हणायला सुरुवात केली. त्यांचा आवाज ऐकून केबिनमध्ये हर्षा दचकली.

"बंद करा जी!" देवकाबाई खडबडून जाग्या झाल्या. "याच्यापेक्षा यम बरा."

हर्षा इतकी हसली की तिला माझा वेग कमी करावा लागला.

लाखनीच्या पुढे खिडकीबाहेर कुठेतरी वांग्यांची वाडी दिसली. मग श्यामराव हळू आवाजात बोलू लागले.

"तू पडली त्याच्यानंतर मी एक डाव एकटाच गेलो होतो बाजारात."

"कवा?"

"तू दवाखान्यातून आली त्या महिन्यात. वांगी मांडली. जो येईल तो विचारे, बाई कुठी आहे? बाई कुठी आहे? मले सांगताच येईना. तसाच गाडी भरून वापस आलो. वांगी गाईले टाकली. मंग नाहीच गेलो."

"मले वाटलं, मी पडली म्हनून तुमाले बाजाराचा कंटाळा आला."

"कंटाळा कायचा?"

"हे मले कवाच नाही सांगितलं तुमी."

"तू विचारलं नाही."

"खोलीत बसले कवा तुमी विचाराले? दारातून पुसत होते, 'बरी आहे ना,' अन् चालले."

श्यामरावांनी खाली पाहिलं.  मग ते म्हणाले, "आता बसत जाईन."

"बसा. पन गाऊ नका."

मित्रांनो, मी पोत्यांची ओझी खूप वाहिली आहेत. पण माझ्या पोटात बसून कोणी असं बोललं नव्हतं. त्या घरात तीन वर्षांत झालं नसेल एवढं बोलणं त्या सकाळी झालं, आणि ते सगळं केवळ एका बाईला झोप लागू नये म्हणून. मी एकही खड्डा जोरात घेतला नाही. घेणार तरी कशी?

आम्ही हायवे सोडून उत्तरेच्या रस्त्याला लागलो आणि दुपारच्या सुमारास करडीला पोचलो. सुंदरबाई दारातच स्टुलावर बसल्या होत्या. माझा आवाज ऐकून त्या उठल्या आणि भिंतीला हात लावत लावत पुढे आल्या. त्यांचा हात माझ्या पत्र्याला लागला. "अगं बाई! ट्रक आनला काय?" त्या म्हणाल्या. हर्षाने त्यांना धरून मागे आणलं, स्टूल लावलं आणि हळूच आत चढवलं.

सुंदरबाई खाटेशी बसल्या. त्यांनी देवकाबाईंचा चेहरा दोन्ही हातांत धरला, अगदी जवळ आणला. मग कपाळाला आठ्या घातल्या.

"दिसून नाही राहिलं वं," त्या म्हणाल्या.

 श्यामराव माझ्या दारापाशीच थबकले. आम्हाला उशीर झाला होता काय?

"अंधार आहे इथं," सुंदरबाई म्हणाल्या. "मले भर उजेडातच दिसते. दारं पुरी उघडा ना गा!"

हर्षा आणि श्यामरावांनी माझी दोन्ही दारं खटकन मागे लोटली. हिवाळ्यात भर दुपारी सूर्य दक्षिणेला झुकलेला असतो. मी उत्तरेकडे तोंड करून उभी होते आणि माझी दारं नेमकी दक्षिणेला होती. देवकाबाईंच्या पायांच्या दिशेने ऊन आत आलं. पावलांवरून, लुगड्यावरून सरकत ते त्यांच्या चेहऱ्यापर्यंत पोचलं. माझ्या पोटात इतका उजेड मी कधी पाहिला नव्हता.

"गाडी फिरवू काय माय?" हर्षाने विचारलं.

"राहू दे," देवकाबाई म्हणाल्या. "जागी आहो मी."

सुंदरबाई पुन्हा वाकल्या. बघत राहिल्या. 

"केस पांढरे झाले वं तुहे," त्या शेवटी म्हणाल्या.

"तुह्यापेक्षा कमीच आहेत."

"नाकाजवळचा तीळ तसाच आहे."

"तो कुठी जाते?"

"दिसते वं, देवके. दिसते." आणि मग मात्र दोघी रडल्या.

जेवणं झाल्यावर हर्षाने मला फिरवून पूर्वेकडे तोंड करून उभं केलं, कारण आता खरंच झोपायचं होतं. सुंदरबाई घरात गेल्याच नाहीत. त्याच खाटेवर धाकटीच्या कुशीशी आडव्या झाल्या.

मित्रांनो, मला भंगारात न घालणाऱ्या प्रत्येक हाताची मी ऋणी आहे. तुमच्या अंगणातही एखादी जुनी वस्तू उभी असेल. ती फेकण्याआधी तिचं दार एकदा उघडून आत नीट बघा. कदाचित तिच्यात अजून काही मावत असेल. तिला वेळेवर तेल द्या, तिचा आवाज बदलला तर लक्ष द्या. आणि तुमच्या घरात कोणी आजी, आजोबा अंथरुणावर असतील, तर दारातून 'बरी आहेस ना?' एवढंच विचारून पळू नका. आत जा. त्यांच्याजवळ बसा. त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर काय दिसतं ते एकदा आडवं होऊन पाहा. कुठे जावंसं वाटतं, कुणाला भेटावंसं वाटतं, ते विचारा. बोलायला काही सुचलं नाही तर हवेविषयी बोला. तिथूनही सुरुवात होते.

मी अजून करडीतच आहे. उद्या सानगडीला परतायचं ठरलंय. पण आज सुंदरबाईंनी आपली दोन लुगडी पिशवीत भरली आणि ती माझ्या खाटेखाली सरकवली. "मले दिसते तोवर मी बी येतो," त्या म्हणाल्या. "पाहाचं खूप रायलं आहे." श्यामराव विचारात पडले आहेत की दोघी त्या एवढ्याशा खाटेवर मावतील कशा.

मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, जागा आहे.